जागा कोरडी, थर पातळ : डायटम मातीचे उपयोग

गेल्या पावसाळ्यात मी कुंड्यांभोवती पांढऱ्या पावडरीचं एक नीटनेटकं रिंगण घातलं. गोगलगायी हे रिंगण ओलांडत नाहीत, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. रात्री पाऊस झाला. सकाळी रिंगणाच्या जागी पांढुरका चिखल होता, आणि त्यावरून चकचकीत रेघ ओढत एक गोगलगाय झेंडूच्या रोपापर्यंत जाऊन पोहोचली होती. निम्मं रोप खाऊनही झालं होतं.

चूक पावडरीची नव्हती, माझी होती. त्याच पाकिटातली उरलेली पावडर मी हिवाळ्यात पुस्तकांच्या कपाटामागे चिमूट चिमूट टाकली, तेव्हा कसर दिसेनाशी झाली. पावडर तीच होती, फक्त जागा कोरडी होती. या पावडरीचे जेवढे उपयोग सांगितले जातात, त्यातले बरेच खरे आहेत, काही अर्धे खरे आहेत आणि काही निव्वळ थापा आहेत. कोणता कशात मोडतो हे ओळखायचं असेल, तर ती काम कशी करते हे आधी समजून घ्यावं लागतं.

करंड्यातली माती

दुकानात आणि ऑनलाइन ती ‘डायटोमेशियस अर्थ’ किंवा नुसतीच ‘डीई पावडर’ या नावाने मिळते. आपण तिला डायटम माती म्हणू. डायटम म्हणजे समुद्रात, तळ्यांत, नद्यांत राहणारं एकपेशीय शैवाल. बहुतेक डायटम मिलिमीटरच्या एक-दशांशापेक्षाही लहान असतात. पाण्यात विरघळलेली सिलिका घेऊन प्रत्येक पेशी स्वतःभोवती काचेसारखं कवच तयार करते. या कवचाचे दोन भाग असतात आणि एक भाग दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो, अगदी कुंकवाच्या करंड्यासारखा. वनस्पतिशास्त्राच्या मराठी लेखनात डायटमला ‘करंडक वनस्पती’ म्हटलं गेलं, ते यामुळेच. बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्यांत ‘डायटम टेस्ट’ हा शब्द वाचला असेल, तर तेही हेच डायटम. माणूस जिवंतपणी पाण्यात बुडाला की श्वासाबरोबर हे करंडे शरीरात जातात आणि सिलिकेचे असल्याने नंतरही सापडतात.

शैवाल मेलं की कवच तळाशी बसतं. लाखो वर्षं असे थर साचत गेले की त्यांचा हलका, खडूसारखा दगड होतो. तो खणून, वाळवून, दळला की ही पावडर तयार होते. तिच्यात साधारण ८० ते ९० टक्के सिलिका असते, बाकी थोडं अॅल्युमिना आणि लोहाचे ऑक्साइड. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लॉम्पोकजवळ तिच्या मोठ्या खाणी आहेत, डेन्मार्कमध्ये फुर आणि मोर्स या बेटांवर चिकणमाती मिसळलेला तिचा एक प्रकार सापडतो. जर्मनीत ल्युनेबुर्गच्या माळावर एकोणिसाव्या शतकात ती सापडली आणि तिथे तिला ‘कीसेलगुर’ हे नाव पडलं.

हातात घेतलीत तर दोन गोष्टी लगेच जाणवतील. ती कमालीची हलकी असते आणि बोटं कोरडी पडतात. कवचांना असंख्य बारीक छिद्रं असल्यामुळे पावडरीचा बराचसा भाग पोकळी असतो, आणि ती पोकळी पाणी, तेल, जे मिळेल ते शोषून घेते. याच गुणामुळे आल्फ्रेड नोबेलने तिला निवडलं. नायट्रोग्लिसरीन हा द्रव जरा धक्का लागला तरी फुटायचा. तीन भाग नायट्रोग्लिसरीन एक भाग कीसेलगुरमध्ये जिरवलं की ते हाताळण्याजोगं होतं, हे त्याच्या लक्षात आलं, आणि १८६७ मध्ये त्याने डायनामाइटचं पेटंट घेतलं. जी माती स्फोटक द्रव पोटात घेऊन शांत बसवते, तीच किड्याच्या अंगावरचं मेण शोषून घेते.

किडा मरतो तो तहानेने

कीटकाच्या कवचावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्याच्या शरीरातलं पाणी या थरामुळे टिकून राहतं. डायटम मातीवरून किडा चालला की तिचे कण त्याच्या अंगाला चिकटतात, मेण शोषून घेतात आणि थोडं खरवडतातही. मग शरीरातलं पाणी उडून जातं आणि किडा सुकून मरतो. यात विष कुठेच नाही. म्हणून किड्यांना रासायनिक औषधांची जशी सवय होते, तशी हिची सहजासहजी होत नाही.

या एका गोष्टीतून वापराचे सगळे नियम निघतात.

पहिला नियम कोरडेपणाचा. ओली पावडर मेण शोषत नाही, आणि हवेतच दमटपणा असेल तर किड्याच्या अंगातलं पाणी लवकर उडत नाही. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे तिचे वाईट महिने. विदर्भ-मराठवाड्यात तिला वर्षातला बराच मोठा काळ मिळतो.

दुसरा नियम पातळ थराचा. ढीग दिसला की मुंग्या आणि झुरळं त्याला वळसा घालून जातात. थर इतका पातळ हवा की डोळ्यांना जेमतेम दिसेल, फर्निचरवर दोन दिवसांची धूळ बसते तेवढा. पाकीट उपडं करणाऱ्याला तिचा गुण येत नाही.

तिसरा नियम धीराचा. फवारा मारला की झुरळ उलटं पडतं, तसं इथे होत नाही. काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागतो. अंडी तर मरतच नाहीत, त्यामुळे पिल्लं बाहेर येऊन पावडरीवरून चालेपर्यंत ती जागेवर राहायला हवी.

आणि किडा तिच्यावरून चालला पाहिजे. डास, माश्या उडतात, त्यांच्यावर ती निरुपयोगी. वाळवी जमिनीतल्या ओलाव्यात आणि मातीच्या नळ्यांतून फिरते, त्यामुळे तिथेही भरवसा ठेवू नका.

विकत घेताना

बाजारात या मातीचे दोन मुख्य प्रकार मिळतात आणि त्यांची अदलाबदल अजिबात चालत नाही.

एक ‘फूड ग्रेड’. ही नुसती वाळवून दळलेली असते. तिच्यातली सिलिका बहुतांशी अस्फटिकी असते, आणि शिसं-आर्सेनिकसारख्या धातूंचं प्रमाण मर्यादेत असल्याचं तपासलेलं असतं. घरासाठी, बागेसाठी, जनावरांच्या गोठ्यासाठी हीच घ्यायची.

दुसरा ‘पूल ग्रेड’ किंवा ‘फिल्टर ग्रेड’. पोहण्याच्या तलावांच्या गाळणीसाठी ही माती भट्टीत प्रचंड तापमानाला भाजतात. त्यात तिच्या सिलिकेचा मोठा भाग स्फटिकरूप होतो. स्फटिकी सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. दगडखाणीत आणि खडी फोडण्याच्या कामावर राबणाऱ्यांना होणारा आजार तो हाच. अशी धूळ दीर्घकाळ श्वासात जाणं कर्करोगाचंही कारण ठरतं. शिवाय भाजलेली माती किडे मारण्यात कमी पडते. स्वस्त मिळते म्हणून ही पोतंभर आणू नका.

पाकिटावर ‘फूड ग्रेड’ आणि ‘भाजलेली नाही’ असा उल्लेख आहे का, स्फटिकी सिलिकेचं प्रमाण दिलं आहे का, हे पाहा. रंग पांढरा, मळकट पांढरा किंवा किंचित करडा असू शकतो, त्यावरून प्रत ठरत नाही. माती हलकी असल्याने एक किलोचं पाकीटही बरंच मोठं असतं. घरच्या वापराला पहिल्या वर्षी एक किलो पुष्कळ झाली.

ढेकूण

वसतिगृहं, भाड्याची घरं, प्रवासातून आलेल्या बॅगा, जुनं फर्निचर, यांमुळे शहरांत ढेकूण पुन्हा दिसू लागले आहेत. इथे डायटम माती खरोखर उपयोगी पडते, पण एकटी नाही.

आधी चादरी, उशांचे अभ्रे, पडदे गरम पाण्यात धुवा. ढेकूण आणि त्यांची अंडी साधारण ५० अंश सेल्सिअसला मरतात. नुसतं उन्हात घातल्याने हे तापमान गादीच्या आतल्या शिवणीपर्यंत पोहोचेलच असं नाही. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढा. मग पलंगाच्या जोडांमध्ये, स्क्रूच्या भोकांत, फळ्यांच्या खाचांत, भिंतीच्या भेगांत आणि फरशीच्या कडेला जुन्या मऊ ब्रशने पावडर भरा. सॉसची रिकामी बाटली धुऊन, पूर्णपणे वाळवून, अर्धी भरली की तिच्या चोचीतून भेगेत नेमका फुंकर मारल्यासारखा थर जातो. गादीच्या वर, उशीवर, चादरीवर मात्र टाकायची नाही, कारण रात्रभर ती तुमच्याच नाकात जाईल.

पलंगाच्या प्रत्येक पायाखाली एक पसरट, गुळगुळीत वाटी ठेवून तिच्या तळाशी चिमूटभर पावडर टाका. चढणारा आणि उतरणारा प्रत्येक ढेकूण तिच्यातून जाईल. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून निदान तीन आठवडे पावडर झाडू नका. महिनाभराने ढेकूण दिसतच राहिले, तर ते भिंतीतून शेजारच्या घरातून येत आहेत असं समजा, आणि इमारतीतल्या लोकांनी मिळून व्यावसायिक उपाय करावा.

मुंग्या, झुरळं, कसर

मुंग्यांच्या रांगेवर पावडर टाकली की त्या दुसरी वाट काढतात. रांग जिथून निघते ती भेग शोधा आणि पावडर तिच्यात भरा. वारूळ दूर असेल तर राणी मरणार नाही, पण घरातली वर्दळ थांबेल. दहा दिवसांनी मुंग्या नव्या भेगेतून आल्या तर तिथेही हाच उपाय करा.

झुरळांसाठी फ्रिजच्या मागची, गॅसच्या ओट्याखालची, कपाटाच्या बिजागरीजवळची जागा निवडा. मोरीजवळ आणि सिंकखाली तिचा काही उपयोग नाही, कारण तिथे सतत ओल असते. विजेच्या बोर्डाच्या आत काही टाकायचंच झालं तर मेन स्विच बंद करूनच टाका. पुस्तकांच्या कपाटात कसर लागली असेल, तर फळीच्या मागच्या कडेला आणि तळाच्या फटीत पातळ थर पुरे. पुस्तकांच्या पानांत टाकू नका. तुमच्या बोटांना आणि पुस्तकाच्या कागदालाही ती कोरडं करते.

धान्य : आजीची राख आणि ही माती

वर्षाचं धान्य भरण्याच्या दिवसांत आपल्याकडे कितीतरी युक्त्या होत्या. कडधान्याला राख चोळणं, डाळीला एरंडेल तेलाचा हात लावणं, कणगीत कडुनिंबाचा पाला घालणं, तुरीला लाल माती लावून वाळवणं. राखेचा आणि मातीचा उपाय पाहिला तर डायटम मातीशी त्यांचं नातं लगेच लक्षात येतं. बारीक कोरडी पूड दाण्यांच्या मधल्या फटींत बसते, किड्याच्या अंगाला लागते, त्याला सुकवते आणि फिरणं अवघड करते. डायटम माती हे काम कमी प्रमाणात आणि जास्त नेमकेपणाने करते. घरात फॉस्फिन वायू सोडणाऱ्या विषारी गोळ्या धान्यात टाकणं जिवावर बेतू शकतं, त्यापेक्षा ही माती कितीतरी बरी.

पण तीही कुठे आणि कशी, हे महत्त्वाचं आहे. भारतात कीटकनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना १९६८चा कीटकनाशक कायदा लागू होतो. म्हणून पाकिटावर साठवणीच्या धान्यासाठी वापरण्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल, तेच पाकीट घ्या आणि मात्राही त्यावरची पाळा. साधारणपणे ही मात्रा एका किलोला एक ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे क्विंटलभर हरभऱ्याला शंभरेक ग्रॅम. जास्त टाकल्याने जास्त फायदा होत नाही.

धान्य आधी कडकडीत उन्हात वाळवा. दाण्यातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असायला हवा. घरी मोजायचं साधन नसेल, तर दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. वाळलेलं धान्य सावलीत पूर्ण निवू द्या. मग ताडपत्रीवर पसरा, पावडर चाळणीने वरून भुरभुरवा आणि फावड्याने किंवा हाताने उलटंपालटं करा. प्रत्येक दाण्याला फिकट पांढरी झाक यायला हवी. कोठी भरण्याआधी तिच्या तळाला आणि कोपऱ्यांना थोडी पावडर लावा, कारण मागच्या वर्षीचे किडे तिथेच दडून बसलेले असतात. धान्य भरून झाकण घट्ट लावा.

ही पावडर किडा लागू नये म्हणून आहे, लागलेल्या धान्याला नव्हे. कडधान्यातल्या भुंग्याची मादी दाण्याच्या पाठीवर अंडी घालते, अळी दाणा पोखरून आत जाते आणि आतच वाढते. आत बसलेल्या अळीला पावडर स्पर्शही करत नाही. भोकं पडलेली मटकी आधी वेगळी करा, चाळा, ऊन द्या, मगच पुढचं. तांदळातले सोंडे तिला लवकर बळी पडतात. पिठात होणारा तांबडा भुंगेरा त्या मानाने चिवट असतो. पीठ, रवा, मैदा यांत ती अजिबात मिसळू नका, त्यांना घट्ट झाकण आणि वेळेवर संपवणं हाच उपाय.

माझा कल बियाण्यासाठी आणि कडधान्यांसाठी ती वापरण्याकडे आहे. बियाणं पेरायचं असतं, आणि कडधान्य शिजवण्याआधी आपण धुतोच. गहू-ज्वारी मात्र बहुतेक घरांत न धुता थेट गिरणीत जातात. त्यांना लावलीत, तर दळण्याआधी चाळा, सुपात पाखडा आणि ओल्या फडक्याने पुसून सुकवा. नाहीतर गिरणीवाल्याच्या नाकातोंडात ती धूळ जाईल. धान्य विकायचं असेल तर आधी व्यापाऱ्याला विचारा. पावडर लावलेलं धान्य एकमेकांवरून घसरत नाही आणि त्याच मापात थोडं कमी भरतं, त्यामुळे ते भावात पाडलं जाऊ शकतं.

कोंबड्या, कुत्री, गोठा

परसातल्या कोंबड्या मातीत लोळतात ते उगाच नाही. अंगावरच्या उवा आणि माइट झटकण्याची ती त्यांची पद्धत. घमेल्यात किंवा खड्ड्यात कोरडी वाळू, माती आणि चुलीतली निवलेली राख घालून त्यात दोन मुठी डायटम माती मिसळा आणि वर छप्पर करा. बाकी काम कोंबड्या करतात.

खुराड्यातले लाल माइट दिवसा बसायच्या दांड्यांच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. बंद खुराड्यात पावडर उधळणं कोंबड्यांच्या श्वासाला वाईट. त्याऐवजी ती पाण्यात कालवून चुन्याच्या निवळीसारखी पातळ करा आणि ब्रशने भेगांत, दांड्यांच्या खाली, जोडांवर फासा. सुकली की पातळ थर मागे राहतो, आणि धूळही उडत नाही. घरातल्या दारांच्या चौकटींमागेही ही युक्ती चालते.

कुत्र्याच्या अंगावर पावडर चोळू नका. त्याची त्वचा कोरडी पडते आणि चाटताना, हुंगताना ती नाकात जाते. पिसवांसाठी त्याची झोपायची जागा धुऊन, वाळवून, तिच्याखालच्या फरशीवर आणि कडेच्या फटींत पातळ थर द्या. गोचीड मात्र या पावडरीने जात नाही, त्यासाठी पशुवैद्यकाकडे जा.

जनावरांच्या खाद्यात ही माती गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळतात. अमेरिकेत तशी परवानगी आहे, तीही एकूण खाद्याच्या २ टक्क्यांपर्यंतच. खाद्यातून दिल्याने पोटातले जंत पडतात हा दावा मात्र खात्रीलायक नाही. पोटात ती ओली होते, आणि ओली माती काय करते ते आपण झेंडूच्या कुंडीजवळ पाहिलं आहे. जंतांचं औषध चुकवू नका.

बाग आणि शेत

गॅलरीतल्या, पाऊस न लागणाऱ्या कुंड्यांत मुंग्या झाल्या तर मातीच्या पृष्ठभागावर पातळ थर द्या आणि पाणी घालताना तो धुऊन जाणार नाही असं कडेने घाला. पानांवरच्या माव्यासाठी काही जण ती पाण्यात मिसळून फवारतात, साधारण चार लिटर पाण्यात चार मोठे चमचे. पाणी सुकलं की थर काम करू लागतो. पण तो जाड झाला तर पानाला ऊन मिळत नाही, आणि पुढच्या पावसात धुऊनही जातो. फुलांवर कधीच टाकू नका. ही पावडर मावा आणि मधमाशी यांत फरक करत नाही. संध्याकाळी, फुलं टाळून, रोपाच्या बुडाशी, एवढंच.

२०२२च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. अशा वेळी कोणी तुम्हाला या पावडरीचं पोतं विकू लागलं, तर नको म्हणा. गोगलगाय पावसातच बाहेर येते, आणि पावसात पावडर मरते. तिथे गोणपाट ओले करून बांधावर टाकणं, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करणं आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवणं, याला पर्याय नाही.

शेतीत तिचा एक वेगळा उपयोग सिलिकॉनसाठी होतो. भात आणि ऊस ही पिकं जमिनीतून सिलिकॉन भरपूर घेतात. त्याने खोड टणक होतं, पिकाचं लोळणं आणि काही रोगांचा त्रास कमी होतो. डायटम मातीतली अस्फटिकी सिलिका वाळूतल्या सिलिकेपेक्षा लवकर विरघळते, म्हणून ती खत म्हणूनही विकली जाते. पण माती परीक्षण आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला आधी, पोतं नंतर.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर

बाथरूमबाहेर ठेवायचे दगडासारखे ‘स्टोन मॅट’ आता आपल्याकडेही दिसतात. त्यांतले बरेच डायटम मातीचे असतात. ओला पाय ठेवला की पाणी पाहता पाहता नाहीसं होतं. त्यांना साबणाने धुवू नका, तेलकट डाग पडू देऊ नका, आणि रोज उभं करून सावलीत वाळवा. शोषणं मंदावलं की पृष्ठभाग थोडा ओला करून बारीक पॉलिश पेपरने हलकासा घासतात. कोरडा घासायचा नाही, धूळ उडते. २०२० मध्ये जपानमध्ये अशा काही चटयांत अॅसबेस्टॉस सापडल्यामुळे त्या लाखोंच्या संख्येने परत मागवाव्या लागल्या होत्या. म्हणून ‘अॅसबेस्टॉसमुक्त’ असं लिहिलेली चटई घ्या, आणि कंपनीचं नाव नसलेली चटई घासायला जाऊ नका.

पाणी गाळायच्या कॅण्डलचा इतिहासही या मातीशी जोडलेला आहे. जर्मनीत विल्हेल्म बर्केफेल्ड याने १८९१च्या सुमारास कीसेलगुरच्या कॅण्डल बनवल्या, आणि १८९२च्या हॅम्बुर्गच्या पटकीच्या साथीत त्यांचं नाव झालं. तुमच्याकडे कॅण्डल फिल्टर असेल, तर ती वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासा, साबण लावू नका, आणि चीर गेली की लगेच बदला. कॅण्डल गाळ आणि बरेच जंतू अडवते, विषाणू नाही. साथीच्या दिवसांत पाणी उकळूनच प्या.

सांडलेलं तेल, बुटांतली ओल, कचऱ्याच्या डब्याचा वास यांवरही ती चालते. पण यासाठी लाकडाचा भुसा आणि जुनं वर्तमानपत्र तितकंच चांगलं काम करतं, आणि स्वस्तही पडतं.

पोटात घ्यावी का?

रोज एक चमचा पाण्यातून घेतली की शरीर ‘शुद्ध’ होतं, केस दाट होतात, कोलेस्टेरॉल उतरतं, अशी जाहिरात सर्रास दिसते. या दाव्यांना भक्कम वैद्यकीय आधार नाही. ‘फूड ग्रेड’ याचा अर्थ अन्नाच्या प्रक्रियेत, गाळण्यात, साठवणीत वापरण्याजोगी असा आहे, खाण्याचं औषध असा नाही. धान्याबरोबर चुकून थोडी पोटात गेली तर काळजीचं कारण नाही, पण चमचा घेऊन बसू नका.

वापरताना

फूड ग्रेड असली तरी ती शेवटी बारीक धूळच आहे. नाक, घसा आणि डोळे चुरचुरतात. एन-९५ मास्क आणि चष्मा लावा, हातमोजे घाला. पावडर टाकताना पंखा बंद करा, ही साधी गोष्ट सगळ्यांत आधी विसरली जाते. दमेकरी, लहान मुलं आणि पाळीव प्राणी तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत असू द्या. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. साध्या व्हॅक्युम क्लीनरने ओढली तर त्याचा फिल्टर लवकर तुंबतो. उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल लागणार नाही अशा जागी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. ती माती आहे, नासण्यासारखं तिच्यात काही नाही.

आणि एक शेवटचं. डब्यात भरली की ती हुबेहूब मैद्यासारखी किंवा तांदळाच्या पिठासारखी दिसते. डबा स्वयंपाकघरात ठेवू नका, आणि झाकणावर आजच, मोठ्या अक्षरांत नाव लिहून टाका.